बिनचहाची घरं

आमच्या मोठ्या साडूंइतका शत्रूंवर जीव लावणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नाही. गोंदिया वेगळा होण्याआधीचा मोठा जिल्हा धरला तरी नाही. मी त्यांना भाऊजी म्हणतो. मोहाडीला त्यांचं कोसा साड्यांचं दुकान. जन्मभर गादीवर बसून धंदा केला, त्यामुळे पोट सुटलं आणि त्याच्यासोबत शुगर आली. शुगर त्यांनी घरच्या पाहुण्यासारखी सांभाळून घेतली. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, साडीचा काठ लाल की जांभळा हे गिऱ्हाइकालाच विचारायची पाळी आली, तेव्हा मात्र ते घाबरले. डॉक्टरांनी सांगितलं, "आधी आठ किलो उतरवा, शुगर आटोक्यात आणा, मग ऑपरेशन. रोज चाला."

आता भाऊजींची अडचण अशी, की त्यांना बिनकामाचं चालता येत नाही. पाय दुखतात म्हणून नव्हे, लाज वाटते म्हणून. आमच्याकडे रस्त्यानं निघालेल्या माणसाला चार घरं ओलांडायच्या आत सहा जण विचारतात, "कुठी जाऊन राहिले जी?" भाऊजी मला म्हणाले, "काय सांगू त्यायले? कुठीच नाई म्हनू? पागल म्हनतीन ना मले!" मग त्यांनी तोड काढली. रोज कुणाच्या तरी घरी खुशाली विचारायला जायचं. महिनाभर गेले. घरोघरी गोड चहा, पोहे, लाखोरीच्या डाळीचे वडे, आणि नाही म्हणणं तर भाऊजींच्या रक्तातच नाही. महिन्यानं काट्यावर उभे राहिले तर वजन दोन किलोंनी वाढलेलं. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, हात जोडून म्हणाल्या, "तुमी घरीच बसा बाप्पा."

मग ती चूक घडली. धूसर डोळ्यांनी भाऊजी एका सकाळी भलत्याच फाटकातून शिरले आणि एका निवृत्त मास्तरांच्या पडवीत जाऊन बसले. या मास्तरांशी त्यांचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. कुठल्याशा साडीचा रंग गेला होता, एवढंच कारण. "बरे आहा का?" भाऊजींनी विचारलं. मास्तरांनी तोंडापुढचा पेपर खाली केला नाही. थोडा वेळ बसून भाऊजी उठले आणि घरी येऊन त्यांनी मला भंडाऱ्याला फोन लावला. आवाजात आनंद मावत नव्हता. "साडूभाऊ, पानी बी नाई इचारलं! असं घर मले कवाचं पाह्यजे होतं!"

त्या दिवसापासून त्यांनी आपले सगळे शत्रू आठवून काढले. जवळचे, लांबचे, त्यातही लांबचे अधिक लाडके. सकाळी सातला दारात उभं राहायचं, "बरे आहा का?" विचारायचं आणि परतायचं. गावाला काही उमजेना. हा माणूस अपमान असा पचवतो तरी कसा, याचं मला भारी कुतूहल. किलो उतरू लागले, पण शत्रू टिकेनात. रोज सकाळी खुशाली विचारणाऱ्याशी वैर तरी किती दिवस धरणार? एका राइस मिलवाल्यानं बाराव्या दिवशी खुर्ची दिली, पंधराव्या दिवशी चहा. भाऊजी पडल्या चेहऱ्यानं घरी आले. "गेला. तो बी गेला हातातून." मास्तरांनी तर शंकरपाळे काढले. अशानं वाढलेले दोन धरून आठ किलो कसेबसे उतरले, दोन उरले, आणि शत्रू संपले.

संपले म्हणजे एक सोडून. जिल्ह्याची वाटणी झाली त्याच सुमारास भाऊजींची आपल्या थोरल्या भावाशी वाटणी झाली होती. वडिलांचा हातमाग कुणाकडे राहायचा यावरून बिनसलं. तो राहिला भावाकडे, शेजारच्या गावी, आणि बोलणं कायमचं खुंटलं. "तिथं काई चहा नाई भेटनार," भाऊजी म्हणाले, पण नेहमीच्या उत्साहानं नाही. महिनाभर ते त्या ओसरीवर जाऊन उभे राहिले. आत दादा मागावर बसलेले. मान वर नाही, हात थांबत नाही.

एक दिवस मी मुद्दाम सोबत गेलो. त्या दिवशी माग थांबला. दादा आत गेले आणि तीन कप घेऊन आले. भाऊजींनी माझ्याकडे हताशपणे पाहिलं, एक घोट घेतला आणि कपात डोकावले. चहा बिनसाखरेचा होता.

"मले शुगर हाय," दादा म्हणाले. "आठ वर्सं झाले."

"मले बी," भाऊजी म्हणाले.

भावाला कसला आजार आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

उरलेले दोन किलोही उतरले आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट पार पडली. डॉक्टरांनी चालायला मोकळीक दिली त्या सकाळी भाऊजी मला घेऊन थेट दादांकडे निघाले. दादा माग सोडून ओसरीवर आले. भाऊजी "बरे आहा का?" विचारायचंच विसरले. नुसते पाहत राहिले, पांढऱ्या भुवयांकडे, खोल गेलेल्या गालांकडे, थरथरणाऱ्या बोटांकडे.

"दादा," ते म्हणाले, "तू येवढा म्हातारा कवा झाला गा?"

"इतके वर्सं तू आलाच नाई ना पाहाले," दादा म्हणाले.