चिंधूची गाठ

चिंधू आणि मी भिवंडीतल्या एकाच कारखान्यात एकोणतीस वर्षं लूम चालवले. चार त्याच्याकडे, चार माझ्याकडे. धागा तुटला की लूम थांबवायचा, दोन टोकं धरायची, गाठ मारायची, लूम सुरू करायचा. माझी एक गाठ होईपर्यंत त्याच्या दोन झालेल्या असत. तो डावखुरा. त्याची गाठ मोहरीएवढी बसे आणि टोकं इतकी जवळ कापलेली असत की कापडात हात फिरवूनही लागत नसे. एका शिफ्टला शंभरेक गाठी सहज होत. मास्टर विचारायचा, "आज लूमवर काय दुरुस्ती केली?" आम्ही म्हणायचो, "काही नाही." गाठ दुरुस्तीत धरत नसत.

कारखाना बंद झाला तसा तो गावी, अकलोलीला गेला. त्याने एक जुनी सात सीटची व्हॅन घेतली. गाडीला आता चौदा वर्षं झाली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उचलली की दिसतं. पाच वर्षं तो गावातल्या सहा बायकांना वळ गावच्या गोदामात पहिल्या शिफ्टला आणतो आणि सुटल्यावर नेतो. मधल्या वेळात माझ्याकडे येऊन बसतो. पाच वर्षांत एक खाडा नाही. हे मी हजेरी ठेवल्यासारखं सांगू शकतो.

संक्रांतीनंतर गाडीत इंजिनची पिवळी लाइट लागायला लागली. गाडी चालत होती, ओढत होती, फक्त लाइट. पण गोदामाच्या गेटवर नवीन नियम आला होता. बायकांना आणणाऱ्या गाडीत कुठलीही लाइट पेटलेली दिसली तर गाडी परत. तीनदा परत गेली तर यादीतून नाव कायमचं कट.

पहिल्यांदा वॉचमन खिडकीतून डोकावला. "चाचा, बत्ती जल रही है. गाड़ी साइड में लो."

"इंजिन ठीक हाय रे," चिंधू म्हणाला.

"इंजिन नहीं, बत्ती देखने को बोला है."

बायका तिथून पायी आत गेल्या आणि त्यांना उशीर झाला.

चिंधू हरेशच्या गॅरेजला गेला. हरेश आमच्याच कारखान्यातल्या एका फिटरचा मुलगा. त्याने स्कॅनर लावला, धुराच्या नळीवरचा सेन्सर खराब दाखवतोय म्हणाला. विचारलं, "काका, वायरिंगला कोणी हात लावलेला का?"

"न्हाय," चिंधू म्हणाला.

हरेशने सेन्सर बदलला. लाइट गेली. चौथ्या दिवशी परत आली, तीही गेटवरच. गाडी दुसऱ्यांदा परत गेली. हरेशने सीट उचलून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, पण लाइट लागेना. तेव्हा चिंधू त्याच्या गिऱ्हाइकांसमोर बोलला, "जुना सेन्सर पुसून लावलास माझ्या गाडीला." हरेश हत्यारं गोळा करून आत गेला.

चिंधूने दुसऱ्या एका स्कॅनरवाल्याकडून लाइट घालवून घेतली आणि वही केली. कापडात एकच चूक पुन्हा पुन्हा आली की आम्ही एका चुकीपासून दुसरीपर्यंतचं अंतर मोजायचो. त्यावरून लूमचा कुठला भाग बिघडलाय ते कळे. त्याने तसंच मांडलं. तारीख, वेळ, जागा, गाडीत कोण. लाइट लागली की घालवायची आणि पुढे मोजायचं. तीन आठवडे रोज. मी वही पाहिली. एक दिवस सुटलेला नव्हता.

रिकाम्या गाडीत लाइट एकदाही लागली नव्हती. बायका असताना चार वेळा लागली होती, चारही वेळा गावाकडे परतताना, म्हणून गेट वाचलं. मधे सलग पाच दिवस काही नाही. त्या पाच दिवसांत सहाजणींतली कमळ भाचीच्या हळदीला गेली होती.

कमळ अंगाने जड. गुडघे दुखतात म्हणून पुढे बसते.

दुसऱ्या दिवशी चिंधूने तिला सांगितलं, "कमळ, सुटल्यावर माझ्याबरोबर नवशाकडं यायचं. वायरिंगवाल्याकडं."

"मी कशाला?"

"तू बसलीस की लाइट लागते."

मागच्या पाचजणी हसून हसून वाकल्या. कमळ म्हणाली, "चिंधूदादा, गाडी म्हातारी तुझी, वजन माझं काढतोस? नवशाला सांग, माझे गुडघे पण उघडून बघ म्हणावं."

पण ती आली. नवशाचं दुकान माझ्या घराच्या कोपऱ्यावर आहे, म्हणून पुढचं मी पाहिलं. नवशाने सीट उचलली नाही. कमळला बसायला लावलं, इंजिन सुरू ठेवलं आणि स्वतः खाली गोणपाटावर आडवा झाला. मी स्कॅनरचा पडदा धरून उभा. तो एकेक वायर हाताने चाचपत गेला.

"आता?"

"काही नाही."

"आता?"

आकडा हलला. लाइट लागली.

"ताई, उतरा."

कमळ उतरली. सीट उचलली तर सीटच्या पत्र्याखाली वायरींचा एक जुडगा दबून गेलेला होता. एक वायर एका जागी जाड होती, वर काळी टेप. नवशाने टेप सोडली. आत तांब्याच्या तारेची गाठ होती. लहान, घट्ट, टोकं जवळ कापलेली. तांबं हिरवं पडलेलं.

नवशा म्हणाला, "हे कुणाचं काम? वायरला गाठ कोण मारतं?"

चिंधूने वाकून पाहिलं. मीही पाहिलं. वळसा डावा होता.

"माझी हाय," चिंधू म्हणाला.

दिवाळीच्या सुमारास उंदराने वायर कुरतडली होती. त्याने टोकं सोलली, गाठ मारली, टेप गुंडाळली. पाच मिनिटं लागली असतील. नंतर तो ते विसरला असंही नाही. हरेशने विचारलं तेव्हा त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

नवशाने गाठ कापली, तारा घासल्या आणि कथील वितळवून डाख दिला. जोड सीटच्या पत्र्यापासून दूर बांधला. चिंधूने दुसऱ्या तुकड्यावर स्वतः डाख देऊन पाहिला. पहिले दोन जोड ओढल्यावर सुटले, तिसरा धरला. मग कमळला पुढे बसवून तो अंजूरफाट्यापर्यंत जाऊन आला.

सोमवारी गेटवर वॉचमन डोकावला. आत पाहिलं, कमळकडे पाहिलं. "चलो, चाचा."

त्यानंतर दहा दिवस वही चालू होती. लाइटच्या रकान्यात दहाही दिवस रेघ. अकराव्या दिवशी बायकांना सोडून तो माझ्याकडे आला नाही, हरेशच्या गॅरेजला गेला. मी तिथे टायरला हवा भरायला गेलो होतो. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. चिंधू त्यांच्यासमोरच बोलला.

"हरेश, सेन्सर नवाच होता तुझा. वायरला गाठ होती. मीच मारलेली."

हरेशने हात पुसले. "मी विचारलेलं, काका."

"विचारलेलंस. मी न्हाय म्हनलो."

"सुटली होती का गाठ?"

"न्हाय. सुटली असती तर पयल्याच दिवशी सापडली असती."

हरेश हसला. स्टुलावरची पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "बसा. चहा येतोय."