कॉलरवालीची हजेरी

त्या शिवणखान्यात बाया नावानं नाही, कामानं ओळखल्या जायच्या: काजवाली, बाहीवाली, खिसेवाली. आक्का कॉलर शिवायची, तिची आईही तेच करायची. पण आक्काला कॉलरवाली म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या नावाला डाग लागला होता.

आईच्या काळात एका सकाळी बायांनी मशिनी थांबवल्या आणि फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. पुरुषांइतकी मजुरी द्या आणि कामाच्या वेळी दारांना कुलूप घालू नका, एवढंच मागणं. त्याच दिवशी शिवणखान्याला लागूनचं गोदाम जळलं. आत कुणी नव्हतं, असं सांगून मालकानं दार विटांनी बुजवून टाकलं. कॉलरवाली फाटकाशी पोचलीच नाही. गोदामाचा रखवालदारही त्याच संध्याकाळी गायब झाला, आणि लोकांनी दोघांची जोडी लावून दिली. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कुठं धरणार? आई टाकून गेली, हे पाळण्यातल्या आक्काला बोलता येण्याआधीपासून ऐकवलं गेलं.

तेव्हापासून दर महिला दिनाला मशिनी थांबवून त्या बायांची हजेरी घेतात. एकीनं पुकारायचं, लेकीनं नाहीतर नातीनं 'हजर' म्हणायचं. कॉलरवालीला वगळून. आणि शेवटची हजेरी झाली की बुजवलेल्या दाराशी नखं ओढल्यासारखं खरवडायला लागतं. उंदीर असतील, म्हणायच्या सगळ्या. उंदीर काय तारीख बघून येतात? पण त्या भिंतीला पाठ टेकून कुणी डबा खात नसे.

यंदा पुकारणारी म्हातारी वारली आणि काम आक्काकडे आलं. बाहीवालीच्या नातीनं बजावलं, की तेवढं एक नाव नको. आक्का हो म्हणाली, अगदी मनापासून.

हजेरी संपली. मशिनी गप्प, आणि दाराशी खरवड सुरू झाली. आक्काला जन्मभर आईचा राग होता. तरी एकदा तिला हाक मारायची होती.

"कॉलरवाली."

उत्तर देणं लेकीचं काम. आक्कानं तोंड उघडलं.

"हजर."

आवाज विटांमागून आला. तरण्या बाईचा, धुरानं बसलेला.

आक्का भिंतीशी गेली. विटा गरम होत्या. तिनं त्यांना गाल लावला.

"तू कुठं गेलीच नव्हतीस गं, आई."

मग वळून न बघताच तिनं हातोडा मागितला. बाहीवालीची नातच तो आणायला धावली.