गॅसचा रतीब

"जहाज कुणाचं लागलंय आज?"

पोराचा फोन आला की आमची ही पहिल्यांदा हेच विचारायची. जेवलास का, झोपलास का, हे सगळं नंतर. त्या दिवशी दुपारीही हेच विचारलं. आम्ही दोघं सतरंजीवर बसून मोड आलेले वाल सोलत होतो. फोन तिने डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला होता. वाल सोलायचं काम मला आजही जमत नाही. मी दाबतो आणि दाण्याचे दोन तुकडे होतात. ती म्हणाली, "अवो, त्याचा गळा कशाला दाबताय? नुसतं सांगायचं, बाबा कपडे काढ." पोरगा फोनवर हसला.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

तिचं नाव मी लिहिणार नाही. चाळीस वर्षं घेतलं नाही, आता काय घ्यायचं. मी आठवी नापास माणूस आहे, लिहायची सवय नाही. जसं आठवतंय तसं सांगतो.

आमचा पोरगा कतारला आहे. तिथे समुद्राखालून गॅस काढतात, तो खूप थंड करून त्याचं पाणी करतात आणि जहाजात भरून देशोदेशी विकतात. पोरगा अंबरनाथच्या आयटीआयचा फिटर. जहाज धक्क्याला लागलं की त्याला पाइप जोडायचा, भरलं की सोडवायचा. पहिल्या वर्षी त्याने हे समजावलं तेव्हा ही म्हणाली, "पाणी करतात तर लिटरवर विका की. मीटर कशाला लावता?"

तुम्ही म्हणाल, बदलापूरच्या बाईला जहाजांशी काय देणंघेणं? थांबा.

ही बारवी धरणाकडच्या एका पाड्यातली. बापाच्या चार म्हशी. सकाळच्या एसटीने बदलापूर, तिथून अंबरनाथ, दोन किटल्या घेऊन ती आमच्या कँटीनला दूध घालायला यायची. मी तेव्हा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर हेल्पर होतो. तिची माझी ओळख तिच्या ओरडण्यावरून. "ओ बॉयलरवाले, गेट उघडायला सांगा, दूध नासतंय!" तिचं दूध नासलेलं मी कधीच बघितलं नाही.

एकदा कारखान्यात संप झाला. कँटीन बंद. आम्ही सगळे गेटवर बसलेले आणि ही किटल्या घेऊन समोर उभी. आमच्यातला एक म्हणाला, "आता काय, दुधाने आंघोळ कर." ती म्हणाली, "तू आधी पगार घेऊन ये. मग तुलाच घालते." सगळे हसले. ती हसली नाही. किटल्या उचलून चालायला लागली.

घरी परत गेली नाही. उल्हासनगरला गेली, कॅम्पातल्या एका सिंधी मिठाईवाल्याच्या दुकानात. शेठने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, "आज लेता हूं. रोज का नहीं बोलता." भावही कमीच दिला. ही दुसऱ्या दिवशी परत त्याच्याच दारात. संप मिटेपर्यंत तिथेच जात राहिली. संप मिटला, कँटीनवाल्याने निरोप पाठवला, तर हिने अर्धंच दूध आणलं. बाकीचं कुठं, त्याने विचारलं. "शेटकडं," ती म्हणाली. "तुम्ही रतीबवाले. भाव कमी देता, पन रोज देता. हलवाई दिवाळीला दुप्पट देईल, उद्या ओळख दाखवणार नाय. मना दोघं पायजेत."

तेव्हाच मी ठरवलं, लग्न करायचं तर हिच्याशी.

लग्नानंतर दूध सुटलं. पण डोकं तेच राहिलं. पोरगा कतारला गेल्यावर ते पुन्हा कामाला लागलं. पोराने सांगितलं की जपानवाले वर्षानुवर्षांचा करार करायचे, ठरलेली जहाजं ठरलेल्या दिवशी जायची. ही म्हणाली, "म्हणजे रतीब." मग म्हणाला, काही गॅस सुटा विकतात, ज्याचा भाव जास्त त्याला. ही म्हणाली, "तो हलवाई." त्यानंतर मायलेकरांची भाषाच तशी झाली. "आई, कोरियाच्या रतीबाचं आलंय." "आई, आज हलवाईचं." मी आपला शेजारी बसून ऐकायचो.

मधल्या काळात आमच्या शेठनेही बॉयलर पाइपच्या गॅसवर आणला. धुराच्या तक्रारी फार झाल्या होत्या. मी रिटायर झालो होतो, पण शेठने ठेवून घेतलं होतं. पोरगा म्हणाला, "बाबा, तुमच्या बॉयलरमध्ये येतो त्यातला थोडा आमच्याच जहाजातला असणार." हिला ते इतकं आवडलं की बिल्डिंगभर सांगत फिरली. "पोरानं भरायचा आणि बापानं जाळायचा. एका घराला एवढा धंदा पुरे."

सिलेंडर महाग झाला की शेजारची बाई हिला टोमणा मारायची, "सांगा तुमच्या मुलाला, जरा कमी करा म्हणावं." ही म्हणायची, "तो गॅस येगला. आमचा बॉयलरचा. तुमच्या कुकराला झेपायचा नाय."

मग तिकडे युरोपात लढाई लागली. रशियाचा पाइप आटला आणि युरोपवाले मिळेल त्या भावाने गॅस उचलायला लागले. जहाजांची तोंडं तिकडे वळली. हिने एका वाक्यात सांगितलं, "सगल्या गावाची दिवाळी एकदम आली." पोराला ओव्हरटाइम लागला, सुटी बंद. इकडे आमच्या शेठला गॅस परवडेना. त्याने जुना बॉयलर उघडला आणि लाकडाच्या भुशाच्या कांड्या जाळायला काढल्या. म्हातारपणी मी पुन्हा फावडं धरलं. घरी आलो की खोकायचो. ही पाठ चोळून द्यायची आणि चोळता चोळता बोलायची.

"मी काय मागू आईला, तुम्हीच सांगा. भाव चढला तर तुम्ही फावडं मारताय. भाव पडला तर पोराची नोकरी जाते. एकाच देवीला दोन उलटे नवस कसे बोलायचे?"

"नको बोलूस," मी म्हणालो.

"तेच करते. नारळ ठेवते आणि गप बसते. तिला कलेल ते करील."

पोरगा शेवटचा आला होता त्याला तेव्हा एक वर्ष झालं होतं. मग दीड झालं. ही बाई रडणारी नव्हती. ती हिशोब बांधत बसायची, सुटीचा. रोजच्या फोनवर जहाज कुणाचं विचारायची ते त्यासाठीच. रतीबाची जहाजं जास्त लागायला लागली की दिवस निवांत येतील, असं तिचं म्हणणं. तिच्या बापाचं तसंच होतं. चारही म्हशींचं दूध रतीबाला लागलं की म्हातारा दोन दिवस बहिणीच्या गावाला जाऊन यायचा. गिऱ्हाईक कुठे पळत नाही हे त्याला माहीत असायचं.

ती धंद्यातलं बोलायला लागली की मी मध्ये तोंड घालायचो नाही. ती बरोबर असायची. तीन दिवस आधी सांगायची, आता तुमचा शेठ परत गॅसवर येणार बघा, आणि यायचा. शेठला एकदा मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "भाभीजी को ऑफिस में बिठाते हैं." गंमत म्हणून म्हणाला. मला ते खरं वाटलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात पोराचा फोन आला. आवाज जरा वेगळा. "आई, ठेकेदार आठ दिवस सोडतोय. येऊ का?"

हिने भाजी चिरणं थांबवलं. सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता ही ओरडणार, ये म्हणून. तिने विचारलं, "जहाज कुणाचं लागलंय?"

"आज कुणाचंच नाही. धक्का रिकामा आहे. युरोपला अमेरिकेचा गॅस जायला लागलाय, जपानने जुन्या रतीबातलं काही सोडलं. आमचे साहेब लोक नवीन गिऱ्हाईक शोधत फिरतायत."

"सुटीवर गेले त्यांना परत बोलावतात?"

पोरगा म्हणाला, "सगळ्यांना नाही बोलावलं."

"मग नको येऊ."

"आई, आठच दिवस."

"नको म्हंते ना. गिऱ्हाईक सुटलेलं असताना गवली जत्रेला जात नाय. रतीब लागू दे. मग ये, महिनाभर रहा, मी काय पलून जाते?"

पोराने मला विचारलं, "बाबा?"

मी म्हणालो, "आई म्हणते तसं कर."

एवढंच. चार शब्द. त्या दिवशी मी आणखी काहीतरी बोलू शकलो असतो. काय, ते मला आता रोज सुचतं.

फोन ठेवल्यावर तिने भाजी चिरून पूर्ण केली. जेवायला वाढलं. स्वतः थोडंच जेवली. मी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "उन्हाचं जात नाय."

तिचं कुठे चुकलं ते मला आता कळतं. चार म्हशींच्या घरात रतीब लागला की माणूस मोकळा होतो. तिकडे उलटं आहे. रतीब लागला की जहाजं वाढतात, जहाजं वाढली की माणसं कमी पडतात. आणि कतारवाल्यांनी तर गोठाच मोठा करायला घेतला होता. नवीन कारखाना, नवीन जहाजं. भाव पडायचा तर पडू दे, आपण सगळ्यांच्या आधी सगळ्यांना बांधून ठेवायचं, असा त्यांचा विचार. हे मला पोराने नंतर सांगितलं. ही असती तर म्हणाली असती, बरोबर आहे, मीही तेच केलं असतं.

तर त्या दिवशी, वाल सोलताना, पोरगा म्हणाला, "आई, तुझा रतीब लागला बघ. आपल्या इंडियाचा वाढवला, चायनाचा मोठा झाला. वर्षानुवर्षांचा."

ही एकदम ताठ बसली. "मग? कवा येतोस?"

"अर्ज टाकलाय. पण आता नवीन प्लांट सुरू करायची गडबड आहे गं. रजा सगळ्यांच्याच अडकल्यात. बघू. दिवाळीच्या पुढे काहीतरी होईल."

वालाचं सोललेलं साल तिच्या बोटाला चिकटलं होतं, ते काढत राहिली. मग फोनकडे न बघता म्हणाली, "तेव्हाच यायला पायजे होतास. मीच नको म्हंटलं."

"काय आई, असं काय बोलतेस."

"नाय, चुकलं माझं. तिकडचा धंदा मना कलला नाय." मग माझ्याकडे बघून, "च्या ठेवते."

पोराने फोन ठेवला. ती उठली, ओट्यापर्यंत गेली, ओटा धरला आणि खाली बसली. मला वाटलं काहीतरी पडलं ते उचलतेय.

शेजारच्या बाईनेच रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि मला बाकावर बसायला सांगितलं. बसायला सांगतात तेव्हाच समजायचं असतं. मला समजलं नाही. मी विचारलं, "चहा घेऊन येऊ का तिला?"

पोराला मी फोन केला. काय बोललो आठवत नाही. दोन तासांनी त्याचा फोन आला. सुटी मिळाली होती. कागद, तिकीट, सगळं दोन तासांत. दोन वर्षं जी सुटी तिने बोटांवर मोजली ती ठेकेदाराने स्वतः गाडी देऊन दिली. ठेकेदार वाईट माणूस नव्हता. त्यालाही आई असेल.

मेहुणा पाड्यावरून आला. म्हणाला, "दाजी, उद्यापर्यंत ठेवायचं? दिवस गरम हाय." मी म्हणालो, ठेवायचं. मग बर्फाची पेटी मागवली. लोक बसून राहिले, मीही बसलो. कुणी रडलं तर मी त्याच्याकडे बघायचो. मला आत काहीच होत नव्हतं.

सकाळी नऊच्या सुमारास पोरगा आला. पाठीवर बॅग तशीच. माणसं बाजूला झाली. तो तिच्याजवळ जाऊन बसला. हात लावला नाही, नुसता बसला. खाली गाडी येऊन उभी होती. सामान सगळं तयार होतं. पाच मिनिटं झाली असतील, मेहुणा माझ्या कानाशी आला.

"दाजी, चला आता. आधीच उशीर झालाय. मानसं कामावर जायची हायत."

मी उठलो. खोलीत जेवढी माणसं होती तेवढ्यांना बाहेर काढलं. मेहुण्यालाही. शेजारची बाई म्हणाली, "काका, त्याला एकट्याला नका ठेवू." मी म्हणालो, "पोरगा सुटीवर आलाय. बसू दे आईजवळ."

दार ओढून घेतलं आणि जिन्यात पायरीवर बसलो. गाडीवाल्याने खालून वर बघितलं, हाताने विचारलं, किती वेळ. मी हात वर केला, थांब म्हणून. त्याने गाडी बंद केली.