होडीला मूठ नको म्हणालो

मंडळी, सकाळपासून कशातच मन लागत नाही. मुलानं पाठवलेली कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची प्लास्टिकची होडी, मी आणि माझा मित्र बाबू टेलर दर रविवारी टेम्पोतून वडवणीजवळच्या तलावावर नेतो.

बाबू वर्षभर सांगत होता, "दोनी टोकांना मुठी बसव बे. धरायला काईच न्हाई." मी म्हणायचो, शाळेच्या कवितेतली नाव किती डौलदार होती, हिला भोकं पाडून विद्रूप कशाला करायची?

आज परत चढवताना ओली होडी माझ्या हातून निसटली. होडी आणि टेम्पोच्या फाळक्यामध्ये बाबूची दोन बोटं चेंगरली. तो म्हणाला, "तुला न्हाई ना लागलं?" दुकानात त्याचे लग्नसराईचे ब्लाउज शिवायचे पडलेत.

दुपारी मी टोकांना भोकं पाडली, दोरी ओवली, वर ठिबकच्या नळीचे तुकडे चढवले. अर्ध्या तासात मुठी तयार. बाबूनं डाव्या हातानं उचलून पाहिलं. "लई हलकी झाली की." मला वर बघवेना.

उद्यापासून त्याच्या दुकानात काजं-बटणं करायला बसतोय. पण माफीचा शब्द काढला की तो "सोड बे" म्हणतो. अशा माणसाची माफी कशी मागायची, सांगा.