दिलेला मुलगा

सन पन्नासच्या सुमारास, मी सहा वर्षांचा असताना, पोंभुर्ण्याच्या आमच्या घरी बापानं मला उचलून शेजारगावच्या एका माणसाच्या मांडीवर बसवलं. यानं दिलं, त्यानं घेतलं, झालं दत्तक. कायद्यालाही तेवढंच लागतं. मला कुणी विचारलं नाही. बैल देतानासुद्धा पाठीवरून हात फिरवतात.

पुढं ऐन पोळ्याला सकाळीच सख्खी आई गेल्याचा निरोप आला. धावत गेलो. थोरला म्हणून प्रेतापुढं धरायचं विस्तवाचं मडकं मी उचललं. बापानं ते हिसकून धाकट्याला दिलं.

"तू आता या घरचा नाई."

संध्याकाळी परतलो, तर दत्तक आईनं पुरणपोळी वाढली. मी तुकडा मोडून परत ताटात ठेवला.

"काऊन थांबला? जेव. आपल्या घरी सुतक नाई."