साक्षीच्या दोन ओळी

चौतीस वर्षे परदेशी वार्ताहर म्हणून जग पालथे घातलेल्या त्या गृहस्थांना कचेरीत माघारी 'भिंगरी' म्हणत आणि तोंडावर 'साहेब'. त्यांचा शब्द न् शब्द ज्यांच्या कानांतून कागदावर उतरला, त्या ताईंना मात्र तोंडावर आणि माघारी ताईच म्हणत. साहेब दूरच्या गावाहून फोनवर मजकूर सांगत. ताई तो लघुलिपीत टिपून घेत आणि टंकलिखित प्रत संपादकांच्या मेजावर नेऊन ठेवत. स्वतः ताईंनी देशाची सीमा कधी ओलांडली नव्हती, पण जगाशी त्यांची कानाने ओळख होती. डोंगरमाथ्यावरच्या राजधानीत साहेबांना वाक्याच्या मध्येच धाप लागे. बंदराच्या गावी माल उचलणाऱ्या यारीचा करकराट मजकुरावर मात करी. वाळवंटातल्या तळावर वारा शब्द खाऊन टाकी आणि ताईंना एकच ओळ तीनतीनदा विचारावी लागे.

आता दोघेही निवृत्त झाले होते. साहेबांचे बारा गावांवरचे पुस्तक छपाईला निघाले होते, आणि प्रकाशकाला ताईंकडून दोन ओळी हव्या होत्या: हा मजकूर त्या त्या ठिकाणाहून, त्या त्या दिवशी मी स्वतः ऐकून उतरवून घेतला आहे. खाली सही. हस्तलिखित घरी आले. ताई वाचत गेल्या आणि सातव्या प्रकरणापाशी अडल्या.

ते वेढ्यात सापडलेल्या, नदीपलीकडच्या गावाचे प्रकरण होते. साहेबांचे नाव झाले ते याच बातमीने. 'काल सूर्य मावळताना मी शाळेच्या तळघरात एकेचाळीस माणसांबरोबर बसलो होतो,' असा तिचा आरंभ होता.

ताईंनी कपाटातून बावीस वर्षांपूर्वीची वही काढली. फोन मध्येच तुटला तर उलट लावता यावा, म्हणून कुठल्या नंबरावरून बोलणे चालले आहे हे त्या प्रत्येक वेळी वर लिहून ठेवत. त्या 'काल'च्या तारखेच्या पानावर लिहिले होते: सायंकाळी सात दहा. नदीअलीकडचे हॉटेल, तोच नंबर. 'अंगात ताप आहे. उद्या दुपारी मोठा मजकूर देतो, पहिल्या पानावर जागा ठेवायला सांगा.'

"सही करून मोकळी हो," बहीण म्हणाली. "तुझं काय जातंय? नाहीतरी जन्मभर तुझा कानच खाल्ला त्या माणसानं."

"कान खाल्ला गं. शब्द अजून माझा आहे."

खरे तर ताईंना हे मजकूर उतरवून घेतला त्याच दुपारी उमगले होते. गावात बारा दिवस वीज नाही, असे साहेब सांगत होते आणि त्यांच्या पाठीमागे लिफ्टची घंटी वाजत होती. फोन करायला नदी ओलांडून परतले असतील, अशी ताईंनी मनाची समजूत घातली. पण आदल्या संध्याकाळच्या फोनला ती समजूत पुरत नव्हती. बातमीदाराची उलटतपासणी घेणे आपले काम नव्हे, असे म्हणून त्यांनी मजकूर टंकित केला. संशय हा सचोटीचा पहारेकरी खरा, पण पगारी पहारेकऱ्यालाही डुलकी लागते. ताईंची डुलकी बावीस वर्षे चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साहेबांच्या घरी गेल्या. दार वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, उघडले. "या! ह्यांनी जग पाहिलं, मला कोपऱ्यावरची बागसुद्धा दाखवली नाही. आता घरी बसून मलाच जगाचा पत्ता सांगतात. चहा टाकते."

साहेब भिंतभर लावलेल्या नकाशाखाली बसले होते. ताईंनी हस्तलिखिताचा गठ्ठा मेजावर ठेवला आणि वही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"साहेब, सातव्या प्रकरणातली रात्र कोणाची?"

"कोणाची म्हणजे? माझी."

"त्या संध्याकाळी सातला तुम्ही नदीच्या अलीकडे होतात."

"तारीख चुकली असेल."

"माझी?"

साहेब हसले. पान वाचून झाल्यावर हसू ओसरले. "माझा दुभाषा पलीकडे गेला होता. मला उभं राहवत नव्हतं. त्यानं परत येऊन सांगितलं, मी लिहिलं."

"स्वतःच्या नावावर?"

"त्याच्या नावावर छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीशी उभं करून गोळी घातली असती. त्याचं घरदार तिथंच होतं. मी परका, मला फार तर हाकललं असतं."

उत्तर पटण्याजोगे होते, आणि तेवढ्यामुळेच ताईंना ते खटकले. वर्षानुवर्षे मनात घोळवून गुळगुळीत केलेले ते उत्तर होते. ते खरे असू शकत होते. सोयीचे तर होतेच.

"आता कुठं असतो तो?"

"वारला. सहा वर्षं झाली. मुलीचं पत्र आलं होतं, ती दुसऱ्या देशात असते."

"म्हणजे भीती संपली. आता लिहा."

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "ताई, ते प्रकरण पुस्तकाचा कणा आहे."

"दुसऱ्याच्या कण्यावर किती दिवस ताठ चालणार?"

"आणि नाही लिहिलं तर?"

"माझ्या दोन ओळी मिळणार नाहीत. का नाहीत असं कोणी विचारलं, तर सांगेन."

"धमकी देताय?"

"मीही गप्प बसले होते, साहेब. धमकी कोणत्या तोंडानं देऊ?"

साहेबांनी कागद ओढला, दोन वाक्ये लिहिली आणि पुढे सरकवली. 'मी तापाने पडलो होतो. म्हणून मी माझ्या दुभाष्याला पलीकडे पाठवले.'

ताईंनी ती पुन्हा वाचली. "पाठवलं? का तो आपणहून गेला?"

साहेबांनी चष्मा काढला. या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कधी घोळवून ठेवलेले नव्हते. "नको म्हणत होता. बायकोला सातवा महिना होता. मी म्हटलं, तू जात नसशील तर उद्यापासून दुसरा दुभाषा बघतो."

ज्या माणसाच्या जिवासाठी नाव लपवले म्हणून साहेब सांगत होते, त्याचा जीव पणाला लावताना त्यांचा हात अडखळला नव्हता.

"हेही लिहा," ताई म्हणाल्या.

वहिनी ट्रे घेऊन दारातच थबकल्या होत्या. "ती बातमी वाचून मी महिनाभर धड झोपले नव्हते. आणि तुम्ही हॉटेलात पांघरूण घेऊन पडला होतात?"

"ताप होता."

"दुभाष्याच्या बायकोला सांगितलंत का, ताप होता म्हणून?"

यावर साहेबांनी पेन उचलले. बराच वेळ खोडाखोड चालली. अकरा पानांचे प्रकरण तीन पानांवर आले. ती पाने ताईंपुढे ठेवून त्यांनी पेन त्यावर आडवे ठेवले. "झालं समाधान? करा सही."

ताईंनी तिन्ही पाने वाचली आणि पेनाला हात न लावता हस्तलिखिताचा गठ्ठा जवळ ओढला.

"सही बारा गावांसाठी आहे. पहिल्यापासून सुरू करू. मिठाच्या सरोवराकाठच्या गावी तुमच्याबरोबर कोण होतं?"

साहेबांनी वहिनींकडे पाहिले. वहिनींनी ट्रे खाली ठेवला आणि खुर्ची ओढून त्या ताईंच्या शेजारी बसल्या.