वडिलांच्या हातचा रंग आणि सतीशरावांचा रुमाल

मंडळी, तासाभरापूर्वीच जर्मनीतल्या आमच्या झिंडेलफिंगेन गावी परतलो. बुटांवरचा चिखल अजून ओला आहे, आणि संताप त्याहून ताजा.

जुन्या काळी हौशी मंडळींनी केवळ घाटाची चढण वेगाने चढता यावी म्हणून घरच्या घरी बांधलेल्या मोटारींचा आज मेळावा होता. तिथल्या वृद्ध हेर ब्राउन (जर्मन ‘हेर’, म्हणजे श्रीयुत) यांची मोटार त्यांच्या वडिलांनी बांधलेली, रंगही वडिलांनीच दिलेला. दुपारी मला शेजारी बसवून चढण चढण्याचे त्यांनी कबूल केले होते.

ते कॉफी आणायला गेले. माझ्यासोबत आलेल्या सतीशरावांनी, म्हणजे माझ्या डॉक्टरेट मिळवलेल्या शेजाऱ्यांनी, रुमाल काढला आणि चिखलाने माखलेले बॉनेट खसाखसा पुसायला सुरुवात केली. पुण्यात रोज सकाळी गाडी पुसतात, अगदी तसे.

"अहो, थांबा! त्यात वाळू आहे!"

"असू द्या हो, म्हातारा खूश होईल!"

हेर ब्राउन परतले. त्यांनी रंगावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवले. "आज नको," एवढेच म्हणाले आणि मोटारीवर ताडपत्री ओढली.

परतताना सतीशराव मलाच सुनावतात, "माझी भावना बघा ना! आणि गाडी चमकली की नाही?"

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी विचारावे, एवढे साधे शिक्षण कोणते विद्यापीठ देते? मेळावा उद्याही आहे. मी पुन्हा जाणार आहे. चढण चढायला नव्हे, क्षमा मागायला. सतीशराव म्हणतात, "मी कशाला येऊ?" त्यांना काय उत्तर द्यावे, तुम्हीच सांगा.